२२ पावसाळे बंद राहिलेलं घर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गणपतीला गावी जाऊन आलेल्यांची पत्रं ऑक्टोबरात येतात. कुलूप काढलं, आत डोकावलं, आता पुढे काय, असा साधारण सगळ्यांचा सूर असतो. जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या आमच्या गटाने त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत. कोकणातल्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) घरांचे जास्त आहेत, पण बार्शीकडच्या माळवदाचाही (मातीच्या सपाट छपराचाही) एक आहे.

राजापूर तालुक्यात आजोबांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. आजी गेल्यापासून २२ वर्षं बंद. मागच्या पाख्याची (छपराच्या उताराची) कौलं खाली आली आहेत, माजघरात रान माजलंय. धाकटा भाऊ म्हणतो, पाडून स्लॅबचं बांधू. मला ठेवायचं आहे. सुरुवात कुठून करावी? (वाचक, डोंबिवली)

पाडायचं की ठेवायचं, हा वाद या वर्षी बाजूला ठेवा. आधी पाणी थांबवा.

घर रिकामं राहिलं म्हणून पडत नाही, पाण्याने पडतं. राबत्या घरात कौल सरकलं तर त्याच रात्री खाली पातेलं ठेवलं जातं आणि चार दिवसांत कोणीतरी वर चढतं. बंद घरात तेच पाणी रिपेवरून (कौलं टेकतात त्या पट्टीवरून) वाशावर, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर उतरतं. तुमची भिंत मातीत बांधलेली असणार. माथा उघडा पडला की सांध्यांतली माती धुऊन जाते, वरचे दोन थर मोकळे होतात आणि त्यांच्यावर टेकलेला वासा खचतो. वासा खचला की आणखी कौलं सरकतात. २२ वर्षांत हे चक्र मागच्या पाख्यावर पूर्ण झालंय. पुढच्या पाख्यावर ते कुठवर आलंय, एवढंच बघायचं आहे.

पाहणीला नोव्हेंबरात जा. गवत वाळलेलं असतं आणि ओलीचे डाग अजून दिसतात. मार्चमध्ये गेलात तर भिंत कोरडी, शहाणी दिसते आणि फसवते. गमबूट, जाड हातमोजे, हेल्मेट, एन-९५ मास्क, टॉर्च, काठी बरोबर हवं. दारं उघडून तासभर थांबा, मग आत जा. वटवाघळांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, पाणी शिंपडून ओल्या करा आणि मग उचला. त्या धुळीने फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. मीटर काढून नेलेला असला तरी भिंतीवरची प्रत्येक तार जिवंत आहे असं समजून वागा. साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा. भिंतीवर चढलेले वेल ओढून काढू नका, बुंध्याशी कापा आणि तिथेच वाळू द्या. ओढलेल्या वेलाबरोबर चिराही हातात येतो.

मग पुढच्या पावसाआधी चार कामं. एक, लोंबणाऱ्या आढ्याला (छपराच्या माथ्याच्या लाकडाला) आणि तुळईला टेकू. टेकूखाली फळी ठेवा, नाहीतर तो जमिनीत रुततो. दोन, भिंतींचे माथे साफ करून सुटे चिरे चुन्यात बसवा आणि वर फुटकी कौलं उतरती लावून झाकण करा. तीन, उघड्या भागावर ताडपत्री, पण ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर दोन-तीन फूट गेली पाहिजे. नुसती भोकावर टाकलेली ताडपत्री पाणी गोळा करून एका जागी ओतते, ते गळतीपेक्षा वाईट. चार, पागोळीखाली, म्हणजे छपराचं पाणी जमिनीवर पडतं तिथे, चर.

चर म्हटलं की लोक हसतात, म्हणून हिशेब देतो. पाख्यांसकट ८.२ बाय १३.२ मीटरचं घर म्हणजे १०८ चौरस मीटर. वर्षाला ३,००० मिलीमीटर पाऊस धरला तर सव्वातीन लाख लिटर पाणी दर वर्षी जोत्याच्या (घराच्या चौथऱ्याच्या) कडेला पडतं. जुन्या घराभोवती पालापाचोळा कुजून माती चढत जाते आणि जोतं बुडतं, मग हे पाणी सरळ भिंतीत शिरतं. जोत्याचे निदान १५-२० सेंटिमीटर उघडे होतील एवढी माती खणून काढा. बरोबर पागोळीच्या रेघेखाली ३० सेंटिमीटर रुंदीचा चर काढा, त्याला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या आणि पाणी घरापासून लांब सोडा. सगळ्या दुरुस्तीत हे सर्वात स्वस्त काम आहे आणि तेच कोणी करत नाही.

भावासाठी एक आकडा. १२ सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलो भरतो. कौलं आणि लाकूड मिळून ६०-७० किलो. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर थेट स्लॅब टाकण्याचा विचारसुद्धा करू नये.

जुनी मंगलोरी कौलं काढून वर रंगीत पत्रा टाकावा का? गवंडी म्हणतो कौलं आता मिळत नाहीत. (वाचक, मालवण)

मिळतात. नवीही मिळतात आणि पाडलेल्या घरांची जुनीही. मंगळुरात १८६०च्या दशकात बाझल मिशनने या कौलांचे कारखाने सुरू केले आणि पश्चिम किनाऱ्यावर ती गलबतांनी पोचली. त्यामुळे शंभर वर्षांची कौलं आजही छपरांवर आहेत. चांगल्या भाजलेल्या कौलाला वयाची बाधा नसते. ते फुटतं, झिजत नाही.

गवंड्याची अडचण वेगळी असावी. कौल उलटं करून पाहा, पोटावर कारखान्याचं नाव आणि खूण ठसवलेली असते. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलाच्या कडेत नीट बसत नाही. वरून ओळ सरळ दिसते, पण दोन-तीन मिलीमीटरची फट राहते आणि वाऱ्याच्या पावसात पाणी तिथून आत चढतं. म्हणून कौलं उतरवली की आधी ठशाप्रमाणे वेगळी लावा. एक पाखं एकाच ठशाचं करा. उरलेली मिसळ पडवीला किंवा गोठ्याला.

निवड कानाने करायची. कौल दोन बोटांवर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत नाद आला तर ठेवा, बसका आला तर आत तडा आहे. शेवाळं कुंचा आणि पाण्याने काढा, तारेचा ब्रश नको. वरचा टणक पापुद्रा गेला की कौल पाणी पिऊ लागतं.

किती लागतील? चौरस मीटरला साधारण १५. पहिल्या उत्तरातल्या मापाच्या घराला ३० अंशांच्या उताराने छपराचं क्षेत्र १२५ चौरस मीटर होतं, म्हणजे १,८७५ कौलं. फुटीसाठी दहा टक्के वाढवा. एक कौल पावणेतीन किलोच्या आसपास धरलं तर सगळा बोजा पाच टनांच्या वर जातो, आणि भिजलेलं कौल आपल्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढं पाणी धरू शकतं. म्हणून उतरवताना एक पाखं पूर्ण मोकळं करून दुसऱ्याला हात घालायचा, असं करू नका. दोन्हीकडून ओळीओळीने सारखी उतरवा, नाहीतर आढं भरल्या बाजूला झुकतं. उतरवलेली कौलं माळ्यावर रचण्याचा मोहही टाळा.

रिपांमधलं अंतर टेपवर नाही, तुमच्या कौलावर ठरतं. सात कौलं वरखाली एकमेकांत अडकवून जमिनीवर ठेवा आणि पहिल्याच्या वरच्या कडेपासून सातव्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. आधी ताणून मोजा, मग दाबून मोजा, दोन्हींची सरासरी काढून सहाने भागा. ३१-३२ सेंटिमीटर येईल. सुतार जुन्या खिळ्यांच्या खुणांवरच नव्या रिपा ठोकतो आणि मग कौलं एकतर उचकतात नाहीतर अडकतच नाहीत. आढ्यावरचे कोने (माथ्याची कौलं) सिमेंटने भरू नका. कौल आणि सिमेंट उन्हात सारखे फुगत नाहीत, दोन उन्हाळ्यांत केसाएवढी चीर पडते. चुना आणि विटांची भुकटी घालून केलेला माल वापरा.

पत्र्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. कौलांऐवजी पत्रा नको: उन्हाळ्यात घर तापतं, पावसात बोलणं ऐकू येत नाही, थंडीत पहाटे पत्र्याच्या पोटाला दव धरून तुळयांवर ठिबकतं. कौलांखाली पत्रा ही तडजोड आहे. माकडांचा फार उपद्रव असेल तर ती समजू शकतो, पण कौल आणि पत्रा यांत हवा खेळायला जागा हवी आणि आढ्याशी ती हवा बाहेर पडायला वाट हवी. तेवढं केलं नाही तर लाकूड आतल्या आत कुजतं आणि दिसतही नाही.

आढं आणि तुळया सागाच्या आहेत, पण वाशांची टोकं आणि दारांच्या चौकटींना वाळवी लागली आहे. सगळं लाकूड बदलावं लागेल का? घराजवळच पिण्याची विहीर आहे. (वाचक, दापोली)

सगळं नाही. बहुतेक घरांत वाळवी आणि कुज लाकडाच्या टोकांशी असते, कारण टोक भिंतीत गाडलेलं असतं आणि भिंत ओली असते.

टोच्या घ्या आणि प्रत्येक वासा तीन जागी टोचा: दोन्ही टोकं आणि मध्य. पाच मिलीमीटरच्या आत अडला तर लाकूड ठीक आहे. आरामात आत गेला तर खडूने तिथवर खूण करा आणि पुढे चांगलं लाकूड लागेपर्यंत टोचत जा. हातोडीच्या मागच्या बाजूने ठोका. भरीव लाकूड टणत्कार देतं, पोकळ भदभदतं. वाशाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर ती वाळवी नाही, भुंगेऱ्याची अळी आहे. वाळवी मातीचा बोगदा बांधत चढते, मागे पीठ सोडत नाही. दोघींचं औषध वेगळं.

टोक गेलेल्या वाशाला नवं टोक जोडता येतं. तिरपा काप, आणि त्या कापाची लांबी वाशाच्या उंचीच्या निदान तिप्पट. १५ सेंटिमीटर उंचीच्या वाशाला ४५ सेंटिमीटर. १२ मिलीमीटरचे दोन-तीन बोल्ट, दोन्हीकडे रुंद वॉशर. सांधा टेकणीच्या जवळ घ्या, दोन टेकणींच्या मधोमध कधीच नको, तिथे वासा सर्वात जास्त वाकतो. जुन्या सागाला नवा ओला साग जोडू नका. तो सुकताना आकसतो आणि बोल्ट सैल पडतात. पाडलेल्या घराचं जुनं लाकूड याच कामासाठी घ्यावं. आवारातलंच झाड तोडायचं म्हणाल तर साग, ऐन, किंजळ यांसारख्या झाडांना स्वतःच्या जमिनीतही वनखात्याची परवानगी लागते.

आता खरा मुद्दा. नवं टोक भिंतीत बसवलं की गवंडी चारी बाजूंनी सिमेंट थापून खाचा बुजवतो. दिसायला स्वच्छ. पण भिंतीतली ओल त्या टोकात कोंडते आणि दहा वर्षांत तुम्ही पुन्हा टोच्या घेऊन उभे. टोकाभोवती दोन सेंटिमीटर हवा मोकळी ठेवा, खाली सपाट दगड द्या. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर गेली की कुज धरते. ती पंधराच्या आसपास ठेवणं हीच खरी औषधयोजना.

औषधाचं म्हणाल तर भुंगेऱ्याला बोरॅक्स दीड भाग आणि बोरिक अॅसिड एक भाग, कोमट पाण्यात विरघळवून, उघड्या कोरड्या लाकडावर दोन-तीन हात. आधी वार्निश किंवा तेल लावलं असेल तर ते शिरत नाही. पावसात धुऊन जातं, म्हणून घराच्या आतच. जळकं इंजिन ऑइल फासण्याची पद्धत सोडा. लाकूड काळं पडतं, वास जात नाही आणि आग लागली तर भडकते. काजूच्या टरफलांचं तेल हा किनाऱ्यावरचा जुना उपाय चांगला आहे, पण ते बिब्ब्यासारखं अंगावर उततं, हातमोज्यांशिवाय नको.

वाळवी जमिनीतून येते, तिला जमिनीतच अडवायची. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे दर ३० सेंटिमीटरला १२ मिलीमीटरचं भोक आणि प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण. क्लोरपायरीफॉस २० टक्क्यांचं असेल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी. हे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. तुमच्या विहिरीच्या बाजूला मात्र हे औषध जमिनीत अजिबात सोडू नका. त्या बाजूला चौकटींची तळटोकं जमिनीपासून वर उचलून दगडावर टेकवा, मातीचे बोगदे दर महिन्याला खरवडा, आणि घराला टेकून सरपण रचू नका. घराला टेकलेलं सरपण म्हणजे वाळवीला दिलेला जिना.

दहा वर्षांपूर्वी काकांनी चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारला. आता रंगाचे पापुद्रे सुटतात, पांढरी पूड येते. पुन्हा वॉटरप्रूफ गिलावा करावा म्हणतात. (वाचक, पणजी)

नको. चिरा सच्छिद्र आहे, जमिनीतलं पाणी थोडंफार वर ओढणारच. पूर्वी ते भिंतीच्या अंगातून उडून जायचं. काकांनी भिंतीला रेनकोट घातला. आता पाणी आणखी वर चढतं, जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं आणि येताना क्षार आणतं. पांढरी पूड म्हणजे तेच, लोणा. वॉटरप्रूफ गिलावा म्हणजे दुसरा रेनकोट.

आधी पागोळीचा चर आणि जोतं (पहिलं उत्तर पाहा). मग गिलावा ठोकून बघा. भदभदतो तेवढाच काढा. घट्ट बसलेला छिन्नीने उपटला तर चिऱ्याचा टणक चेहरा सोलून निघतो आणि आतला मऊ भाग उघडा पडतो. काढलेली भिंत वाळू द्या. जाड भिंतीला दर इंचाला महिना हा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष. एवढं कोणी थांबत नाही, पण एक कोरडा हंगाम तरी थांबा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जातो.

मग चुन्याचा गिलावा. भट्टीचा कळीचा चुना आणा, हवा लागून पीठ झालेलं पोतं नको. विझवताना चुना पाण्यात घालायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही. पाणी उकळतं, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, गॉगल घालाच. विझलेला लगदा बारीक जाळीतून गाळा. हे गाळणं टाळलं की न विझलेले खडे गिलाव्यात जातात, महिनोन्महिने हळूहळू विझतात, फुगतात आणि भिंतीवर वाटाण्याएवढे खड्डे उडतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजा, गाळलं नव्हतं. गाळलेला लगदा वर दोन बोटं पाणी ठेवून निदान तीन आठवडे मुरू द्या. तीन महिने मुरला तर लोण्यासारखा होतो.

प्रमाण: एक भाग लगदा, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. ओलीच्या भागात वाळूतला एक भाग काढून विटांची भुकटी घाला. दहा चौरस मीटरला २० मिलीमीटर जाडीसाठी ७०-७५ लिटर लगदा आणि २२० लिटर वाळू लागते. दोन हातांत करा, प्रत्येक हात दहा मिलीमीटर, मध्ये आठवडा. भिंत आधी भिजवा, नाहीतर ती मालातलं पाणी शोषून घेते आणि गिलावा भुसभुशीत राहतो. नंतर आठवडाभर ओली गोणपाटं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, सिमेंटसारखा रात्रीत नाही. समुद्राची वाळू कितीही जवळ असली तरी नको, तिच्यातलं मीठ पुन्हा लोणा आणतं.

गूळ, बेलफळ, मेथी यांचं पाणी थोडं घालतात, माल कामाला लवचिक होतो. पण सध्या जितका गूळ तितका गिलावा पक्का असा समज पसरलाय. जास्त गुळाने मुंग्या खूश होतात, गिलावा नाही. वरून चुन्याचीच सफेदी. प्लॅस्टिक पेंट मारायचा असेल तर वरची सगळी मेहनत करू नका.

बार्शीजवळ दगडमातीचं माळवदाचं घर आहे. मागच्या भिंतीने पोट काढलंय आणि तिच्यात पिंपळ उगवलाय. भिंत पूर्ण उतरवावी का? (वाचक, सोलापूर)

त्या भिंतीलगत झोपणं आजपासून बंद करा, मग पुढचं वाचा.

तुमच्याकडची जाड भिंत एक नसते. बाहेरच्या आणि आतल्या दगडांच्या दोन भिंती उभ्या असतात आणि पोटात माती नि खडी भरलेली असते. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नसले, किंवा चुकूनमाकून असले, तर पाणी शिरल्यावर पोटातली माती फुगते आणि बाहेरची भिंत सुटून बाहेर येते. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरं ज्या रीतीने कोसळली, तिचं एक मोठं कारण हेच होतं. दुसरं कारण माळवद. दरवर्षी गळती थांबवायला वर पांढरी माती टाकत गेलं की थर दोन-दोन फुटांचा होतो. ६० सेंटिमीटर माती म्हणजे चौरस मीटरवर जवळपास एक टन.

म्हणून पहिलं काम वरचं. माती मजुरांकडून टोपल्यांनी, सगळीकडून सारखी काढत थर २० सेंटिमीटरपर्यंत आणा. त्याआधी तुळयांना खालून टेकू.

मग ओळंबा लावा. भिंत जाडीच्या सहाव्या हिश्शाहून जास्त कलली असेल, ६० सेंटिमीटरला १० सेंटिमीटर, तर तो भाग उतरवून पुन्हा बांधावाच लागतो. त्याहून कमी असेल तर आधी हालचाल चालू आहे का ते बघा: भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पावसाळ्याअखेर काच तडकली तर भिंत अजून चालते आहे. शाबूत राहिली तर आरपार बांध घालून भागतं. उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवं दर १.२ मीटरला, दगड हळूच सैल करून ७५ मिलीमीटरचं आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली आठ मिलीमीटरची सळी घालून काँक्रीट भरायचं. दणके देणारं यंत्र नको, सब्बलीने हलक्या हाताने. सिमेंटच्या विरोधात इतकं लिहून इथे काँक्रीट कसं, असं विचाराल. ठिपक्याएवढ्या जागी ते भिंत बांधतं, तिचा श्वास कोंडत नाही.

पिंपळ उपटू नका. अंगठ्याएवढा बुंधा असेल तर कापून, बुंध्यात भोकं पाडून कीडनियंत्रकाकडून तणनाशक भरून घ्या आणि मुळं मेल्यावर सांधे भरा. हिंग भरायची जुनी पद्धत कोवळ्या रोपापुरती ठीक. मनगटाएवढा झाला असेल तर मूळ पोटात पसरलंय. तेवढे दगड रंगाने क्रमांक घालून उतरवा, मूळ काढा, त्याच क्रमाने परत बांधा, या वेळी आरपार दगडांसकट.

घरपट्टी मीच भरतो, पण घर आजोबांच्या नावावर आहे. आत्या आणि चुलत भाऊ मिळून नऊ जण. कागदांचं काय? (वाचक, ठाणे)

थोडक्यात: घरपट्टी भरली म्हणून मालकी होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका झाली आहे का पाहा. स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीनंतर अनेक गावांत त्या तयार झाल्या आहेत. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा काढा. आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यासह वारस नोंदीचा अर्ज करा, आत्यांची नावं त्यात येणारच, ती टाळायची युक्ती शोधू नका. खर्च सुरू करण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि त्यात दुरुस्तीचा खर्च हिश्शात कसा धरायचा हेही लिहा. डागडुजीच्या पावत्या जपून ठेवा. वीज कायमची तोडलेली असेल तर जुनी थकबाकी आधी विचारा, मग नव्या जोडणीचा अर्ज.

विहीर वीस वर्षं उपसलेली नाही. पाणी स्वच्छ दिसतं. वापरावं का? आणि दुरुस्ती झाल्यावर घर वर्षातले दहा महिने पुन्हा बंदच राहणार, त्याचं काय? (वाचक, पुणे)

उपसल्याशिवाय वापरू नका, आणि उपसायला माणूस थेट उतरवू नका. जुन्या विहिरीच्या तळाशी विषारी किंवा प्राणवायू नसलेली हवा साठते. कंदील सोडून बघण्याची रीत अर्धवट आहे. विझला तर उतरायचं नाही हे नक्की, पण जळत राहिला म्हणजे हवा सुरक्षित असं नाही. पंपाने पाणी काढा, ब्लोअरने तासभर हवा सोडा, उतरणाऱ्याला कमरेला दोर आणि वर दोन माणसं. खालचा कोसळला तर वाचवायला दुसऱ्याने उडी घ्यायची नाही, दोराने ओढायचा. अशा वेळी वाचवायला उतरणाऱ्याचाही बळी जातो.

गाळ काढून पाणी भरलं की निर्जंतुकीकरण. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे ३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४, साधारण २८ घनमीटर, २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन, वरचं पाणी विहिरीत सोडा आणि तासभर थांबा. हा रोजच्या वापराचा डोस झाला. पहिल्या वेळी आरोग्य केंद्राकडून पाणी तपासून घ्या. पावडरीचं उघडं पोतं जुनं असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो, वजन कितीही घाला.

पुन्हा बंद राहणाऱ्या घरासाठी: गावातला एक माणूस पगारी ठेवा, मेहरबानीवर नको. त्याचं काम पंधरवड्याला दारं-खिडक्या चार तास उघडणं, आणि जून ते सप्टेंबर प्रत्येक मोठ्या पावसानंतर माळ्यावर चढून टॉर्चने कौलांच्या पोटाकडे बघणं. मे महिन्यात शाकारणी (कौलं नीट लावून घेणं), पश्चिमेच्या भिंतीला झड (पावसाचा मारा अडवणारा आडोसा). कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे, गाद्या पेटीत. मेन स्विच बंद, आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) असू द्या, उंदराने कुरतडलेली तार दारं उघडणाऱ्याच्याच हाताला लागते. पन्नासेक कौलं आणि दोन-चार कोने ओटीच्या कोपऱ्यात त्याच ठशाचे रचून ठेवा. जुलैत बाजारातून आणलेलं कौल त्या खाचेत बसणार नाही.